नागपूरहून मांडव्याला, शिडाच्या बोटीने: पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

थंडी पडली की आमच्या ग्रुपमध्ये मुंबई-मांडव्याच्या सहलीची चर्चा सुरू होते आणि नव्या मंडळींचे प्रश्न येऊ लागतात. पोहता येत नाही, चालेल का? बोट लागली तर? शिडातलं काहीच कळत नाही, तर मी तिथे येऊन करणार काय? आपल्याकडे पाणी म्हणजे अंबाझरी, फुटाळा, फार तर रामटेकजवळचं खिंडसी. कोणी कॉलेजात एनसीसीच्या नौदल शाखेत असेल तर वल्ही मारलेली असतात, तेवढंच. त्यामुळे हे प्रश्न विचारायला लाजू नका. उत्तरं खाली सहलीच्या क्रमाने दिली आहेत.

आधी सहलीचं स्वरूप. शुक्रवारी संध्याकाळी नागपूरहून गाडी, शनिवारी सकाळी मुंबई. गेटवे ऑफ इंडियासमोर नांगरलेल्या शिडाच्या बोटींवर चढायचं, दुपारपर्यंत बंदरापलीकडे अलिबागजवळचं मांडवा गाठायचं, रात्री किनाऱ्यावर मुक्काम. रविवारी उजाडताच परत आणि रात्रीच्या गाडीने नागपूर. बोटी भाड्याच्या असतात, प्रत्येक बोटीवर मुंबईचा अनुभवी स्किपर असतो. आपण त्याचे खलाशी. शर्यत नाही, बक्षीस नाही. गेटवे ते मांडवा सरळ रेषेत १४ किलोमीटर, म्हणजे सुमारे आठ सागरी मैल. फेरीबोट हे अंतर तासाभरात कापते, शिडाच्या बोटीला वारा चांगला असला तर दोन तास लागतात आणि नसला तर किती लागतील ते स्किपरही सांगत नाही.

तारीख: भिंतीवरचं कॅलेंडर काढा

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर ऊन चढतं, मेच्या अखेरीस समुद्र खवळायला लागतो आणि पावसाळाभर गेटवे-मांडवा फेरीसुद्धा बंद असते.

हंगामातला कुठलाही शनिवार चालत नाही, आणि नागपूरकरांना नेमकं हेच पटत नाही. आपल्या तलावाचं पाणी जागच्या जागी असतं. मुंबई बंदरातलं पाणी दिवसातून दोनदा आत येतं आणि दोनदा बाहेर जातं, आणि उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. हे पाणी नुसतं उभं चढत-उतरत नाही, वाहतंही. बाहेर जाताना ओहोटी मिळाली तर ती बोटीला मांडव्याकडे ढकलते. भरती मिळाली तर शीड फुगलेलं, बोट पाणी कापते आहे आणि गेटवे मात्र तासाभराने तिथेच, असा प्रकार होतो.

भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा. दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे साडेसातच्या सुमारास पूर्ण भरती. तिथून सहा तास ओहोटी, मग पुन्हा भरती. वद्य पक्षातही हाच हिशेब, अमावास्येला १५ धरायचे. हा ठोकताळा आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, आणि स्किपर छापील तक्ता बघूनच निघतो. पण शनिवार निवडायला हा ठोकताळा पुरेसा आहे.

आता हाच हिशेब आपल्या गाडीच्या वेळेशी जुळवा. शनिवारी दशमी आली तर साडेसातला भरती पूर्ण, दहा वाजता आपण बोटीवर, आणि दीडपर्यंत ओहोटी आपल्या बाजूने. रविवारी एकादशी: सव्वाआठला भरती, म्हणजे उजाडल्यापासून तोवर पाणी मुंबईच्या दिशेने आत जातंय. दोन्ही वेळा वाहत्या पाण्याची साथ. शिवाय अष्टमीनंतरचे हे दिवस भांगाचे, पाण्याची चढउतार कमी आणि ओढ सौम्य. नवख्यांसाठी याहून चांगला जोड नाही.

दरवर्षी कोणीतरी पौर्णिमेचा आग्रह धरतं. चांदणं, फोटो वगैरे. पौर्णिमेलाही गणित जमतं, नाही असं नाही. पण तेव्हा उधाण असतं, पाणी जोरात धावतं, आणि संध्याकाळच्या ओहोटीत मांडव्याला चिखल उघडा पडतो. माझं मत विचाराल तर पहिली खेप दशमीची करा, चांदणं रामटेकच्या गडावरूनही दिसतं.

गाडी

विदर्भ किंवा दुरांतो. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि शुक्रवारच्या जागा पटापट संपतात, म्हणून तारीख ठरली की त्याच दिवशी तिकीट काढा. येतानाचं तिकीट मात्र रविवार रात्रीचंच. दुपारचं विमान स्वस्त मिळालं म्हणून कोणी घेऊ नका. वारा पडला तर बोट बंदराच्या मध्यावर उभी राहते. इंजिन असतं, पण त्यावर भिस्त ठेवून विमान धरायला निघणं म्हणजे सगळ्या बोटीचा जीव टांगणीला लावणं. ज्याला सोमवारी सकाळी नऊला मीटिंग आहे त्याने मंगळवारी घ्यावी.

सामान

चाकांची कडक सुटकेस आणू नका. चोवीस फुटी बोटीत तिला ठेवायला कोपरा नसतो. कापडी बॅग, आत सगळं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधलेलं. बूट पांढऱ्या किंवा फिक्या रबरी तळाचे. काळ्या तळाचे डेकवर डाग पाडतात आणि स्किपरचा चेहरा पडतो. जीन्स नको, भिजली की वाळत नाही. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, गॉगलला मागे दोरी, टोपीलाही दोरी, सनस्क्रीन. ४५ अंशांत वाढलेल्या माणसाला जानेवारीतलं मुंबईचं ऊन किरकोळ वाटतं. पण समुद्रावर ऊन खालूनही येतं, पाण्यावर उलटून, आणि हनुवटीखाली नि नाकाच्या आतल्या कडेला भाजतं.

स्कूटीवर तोंडाला स्कार्फ बांधायची आपल्या मुलींची पद्धत इथे फारच उपयोगी. फक्त टोकं आत खोचा. लोंबणारं कुठलंही कापड दोरीबरोबर कप्पीत जातं. केसांचंही तेच, आणि गळ्यातल्या साखळ्या घरीच ठेवा.

प्रत्येकी तीन लिटर पाणी. आधार कार्ड. मोबाइलला पाणी न शिरणारी पिशवी. थोडी रोख रक्कम, किनाऱ्यावर कधी नेटवर्क दगा देतं.

खाण्याचं सांगतो, कारण त्यावरच आपल्याकडे सर्वात जास्त चर्चा होते. सांबारवडी शुक्रवारी गाडीतच संपवा, शनिवारी तिची मजा जाते. सावजीचा डबा कोणीही, कितीही प्रेमाने, आणू नये. हलत्या बोटीत तो तेलकट रस्सा नुसता हुंगून धडधाकट माणसं आडवी होतात. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कोरडा चिवडा, आलेपाक हे बरं. संत्री मात्र भरपूर आणा. डिसेंबरात आंबिया बहराची संत्री असतातच आणि मुंबईच्या स्किपरला नागपूरची पेटी दिली की तो सुकाणू लवकर हातात देतो. सालं समुद्रात फेकायची नाहीत, पिशवीत परत आणायची.

बोटीवर चढण्याआधी

सीएसएमटीहून गेटवे टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांवर. आधी नाश्ता: इडली, टोस्ट, केळं. रिकाम्या पोटी बोट जास्त लागते, आणि तर्री पोह्यांनी भरलेल्या पोटीही. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी नागपुरातच आपल्या डॉक्टरांना विचारून गोळी आणावी आणि चढायच्या तासभर आधी घ्यावी. मळमळायला लागल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही.

स्वच्छतागृह गाठा. लहान बोटींवर संडास नसतो. हे आधी स्पष्ट सांगितलेलं बरं, विशेषतः बायकांना, कारण मग त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दुपारी डोकं धरून बसतात. आम्ही ताफ्यातली निदान एक बोट संडास असलेली घेतो. गरज पडली तर सांगायचं, बोटी जवळ आणून माणूस पलीकडे नेता येतो. काही अवघड नाही.

शिडाच्या बोटी धक्क्याला लागलेल्या नसतात, थोड्या आत बोयाला, म्हणजे नांगरून ठेवलेल्या तरंगत्या पिंपाला, बांधलेल्या असतात. छोट्या होडीने तिथवर जायचं. होडीतून चढताना हात मोकळे ठेवा, बॅग आधी वर द्या, उडी मारू नका. लाट होडीला वर उचलते त्या क्षणी पाय टाकायचा.

लाइफ जॅकेट होडीत बसण्यापूर्वी घालायचं आणि मांडव्याच्या वाळूवर काढायचं. पोहता येतं त्यांनीही. १८ डिसेंबर २०२४ ला याच बंदरात नीलकमल ही प्रवासी फेरी नौदलाच्या वेगवान बोटीच्या धडकेने उलटली. आणि २०१७ च्या जुलैत आपल्या वेणा जलाशयात नाव उलटून तरुण पोरं गेली, ते नागपूर विसरलेलं नाही. जॅकेटमध्ये फोटो चांगला येत नाही म्हणणाऱ्याला आम्ही फेरीने पाठवतो. पोहता न येणाऱ्यांनी सहलीआधी एकदा तरी तलावावर जॅकेट घालून पाण्यात उतरून बघावं. ते आपल्याला खरोखर वर धरतं हे अंगाला कळलं की निम्मी भीती जाते.

बोट कलते तेव्हा

उरलेली निम्मी भीती इथे जाते. वाऱ्यात शीड ताणलं की बोट एका बाजूला कलते. चांगली कलते. बाजूची कड पाण्याला टेकू लागते आणि नवीन माणूस आयाबायांची नावं घेतो. पण या बोटींच्या पोटाखाली कील असतो, उभा पंखासारखा, सव्वा मीटर खोल गेलेला आणि जड वजनाचा. बोट जितकी कलेल तितकं ते वजन तिला सरळ करायला ओढतं. शिवाय कलली की शिडाला वारा आपोआप कमी लागतो. तेव्हा कलणं हा बोटीचा चालायचा ढंग आहे. स्किपर सांगेल त्या बाजूला, म्हणजे उंच बाजूला, जाऊन बसा आणि पाय अडकवून ठेवा.

खरं लक्ष ठेवायचं ते बूमवर. मुख्य शिडाच्या खालचा हा आडवा दांडा. बोट दिशा बदलते तेव्हा तो डोक्यावरून एका बाजूहून दुसरीकडे जातो, कधी सावकाश, कधी फाडकन. स्किपर आधी ओरडून सांगतो. ऐकू आलं की वर काय आहे ते बघत बसायचं नाही, आधी डोकं खाली.

काम काय मिळेल? बहुतेकांना पुढच्या शिडाची दोरी. ही दोरी विंचवर गुंडाळायची, म्हणजे डेकवरच्या त्या धातूच्या उभ्या रिळावर, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने तीन वेढे. ओढताना मुठी एकीमागून एक, अंगठा वर, आणि हात विंचपासून वीतभर लांब. ताणलेली दोरी हळूच सोडायची असते तेव्हा तळहात वेढ्यांवर चपटा दाबून वेढे थोडे थोडे सरकवायचे. एकदम सोडली तर तळव्याची सालं निघतात. हाताभोवती दोरी गुंडाळून धरायची सवय आपल्याला पतंगापासून असते. इथे ती पूर्ण बंद. शिडात भरलेला वारा माणसापेक्षा ताकदवान असतो.

गाठ एकच शिकून या, बोलाइन. न सरकणारा फास, कितीही ताण आला तरी नंतर बोटांनी सुटणारा. खिडकीच्या गजावर सराव करा. डोळे मिटून जमली की झालं.

बोट लागली तर आत केबिनमध्ये जाऊ नका, तिथे हमखास वाढतं. बाहेर बसा, नजर क्षितिजावर किंवा लांबच्या डोंगरावर ठेवा, मोबाइल बंद. सुकाणू मागून घ्या. सुकाणू धरलेल्याला बोट सहसा लागत नाही. उलटी आलीच तर वारा ज्या बाजूला जातो त्या बाजूने करा. दुसऱ्या बाजूने केली तर मागे बसलेले सगळे तुम्हाला ओळखतात, कायमचे.

बंदर ओलांडताना

सकाळी वारा जमिनीवरून येतो, शाळेतल्या भूगोलातले ते मतलई वारे. दहा-अकराला ते पडतात आणि तास-दीड तास काहीच हलत नाही. हा वेळ डब्यांचा आणि ओळखी करून घ्यायचा. बाराच्या पुढे वायव्येकडून खारे वारे सुरू होतात आणि मांडवा दक्षिणेला असल्याने ते जवळपास पाठीमागून मिळतात. जाताना म्हणूनच सोपं. परतताना त्याच दुपारच्या वाऱ्याशी झगडावं लागतं, नागमोडी जावं लागतं आणि अंतर वाढतं. रविवारी पहाटे उठायचं कारण हे आहे. तुम्हाला छळायचं म्हणून नाही.

मागे ताज आणि गेटवे, डावीकडे लांबवर घारापुरी आणि अलीकडे तेलाच्या टाक्यांचं जवाहर द्वीप. नौदलाच्या जहाजांचे फोटो काढायचे नाहीत, ड्रोन तर आणूच नका. न्हावाशेवाला जाणारी कंटेनर जहाजं मधल्या खोल मार्गाने जातात. शिडाच्या बोटीला इंजिनाच्या बोटींनी वाट द्यावी असा सर्वसाधारण नियम आहे, पण अरुंद खोल मार्गात मोठ्या जहाजाला अडवायचा अधिकार आपल्याला नाही. ते थांबूही शकत नाही, वळूही शकत नाही. लांबून ते उभं असल्यासारखं वाटतं आणि दहा मिनिटांत इमारतीएवढं होऊन समोर येतं. दिसलं की हाताने दाखवून स्किपरला सांगा, त्याने पाहिलं असेल असं गृहीत धरू नका. कोळ्यांच्या जाळ्यांचे तरंगणारे डबे आणि काठीवरची फडकी दिसली तरी सांगा. कीलात जाळं अडकलं तर आपला वेळ जातो आणि त्यांचं जाळं.

अडचणीत स्किपर व्हीएचएफच्या, म्हणजे बोटीवरच्या रेडिओच्या, १६ नंबरच्या चॅनेलवर बोलतो. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

हवा स्वच्छ असेल तर मांडव्याजवळ दक्षिणेला खांदेरी-उंदेरी हे जलदुर्ग दिसतात. खांदेरी शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये बांधायला घेतला, इंग्रजांनी अडवूनही; लगोलग सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाणं दिलं. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे. या खेपेत आपण तिथे जात नाही, वेळ पुरत नाही.

मांडवा

बोट नांगरावर, माणसं होमस्टेत. उतरल्यावर तासभर जमीन हलते आहे असं वाटेल, ते आपोआप जातं. ज्यांना झोप येत नाही त्यांनी रिक्षा करून सासवण्याला शिल्पकार वि. पां. करमरकरांचं संग्रहालय बघावं. त्यांच्याच घरात आहे, अंगणातल्या शिल्पांच्या मधून हिंडता येतं.

रात्रीचा कार्यक्रम पोपटीचा, आणि खरं सांगायचं तर निम्मे लोक त्यासाठीच येतात. होमस्टेवाल्या काकूंना दोन दिवस आधी फोन करून ठेवावा लागतो. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मग अंडी, बटाटे, मसाला लावून केळीच्या पानात बांधलेलं चिकन, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला गच्च कोंबलेला. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा आणि वाळकी लाकडं पेटवायची. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचा हबका मारायचा. चर्र झालं की काढायचं. शाकाहाऱ्यांचं मडकं वेगळं लावतात, तेवढं आधी सांगा. आमच्यातले एक काका जाळाजवळ बसून दरवर्षी म्हणतात, "काहीही म्हणा भाऊ, आपल्या रोडग्यांची सर नाही," आणि शेंगांचा तिसरा द्रोण पुढे करतात.

दारूबद्दल: किनाऱ्यावर ज्याचा त्याचा प्रश्न, बोटीवर अजिबात नाही, आणि रविवारी पहाटे ज्याच्या तोंडाला वास येईल तो फेरीने परत जातो. दहाला दिवे बंद. ऐकायला शाळेसारखं वाटतं, पण पाच वाजता उठायचं असतं.

परत

साडेसहाला, उजाडताच, नांगर वर. काळ्या चहाशिवाय पोटात काही नको, नाश्ता गेटवेला. मतलई वारा आणि भरती दोन्ही आपल्या बाजूने असतात, आणि ही दोन तासांची खेप मला जातानापेक्षा जास्त आवडते: पाणी शांत, कोणी फार बोलत नाही, नवीन माणसं एव्हाना दोरी न सांगता ओढतात. सुकाणू मागायचं असेल तर आत्ता मागा.

सकाळी वारा नसेलच किंवा कोणाची तब्येत बरी नसेल, तर मांडव्याहून गेटवेला फेरी आहे आणि भाऊच्या धक्क्याला रो-रो, म्हणजे मोटारीही नेणारी मोठी फेरी. स्किपर निघायचं नाही म्हणाला तर वाद घालू नका. त्याच्या "नाही"चं कारण कधी आपल्याला दिसतं, कधी दिसत नाही.

मुंबईत उतरल्यावर गाडीपर्यंत बराच वेळ असतो. बूट आणि जॅकेट गोड्या पाण्याने धुऊन जॅकेट परत करा. खारं पाणी वाळलं की चेन आणि बकलं धरतात. कपडे ओले असतील तर वेगळ्या पिशवीत.

राहिला हिशेब. गाडीभाडं ज्याचं त्याचं. बोट, मुक्काम आणि पोपटी यांचा खर्च सगळ्यांत समान; लहान मुलं बोटीत जागा घेतात म्हणून त्यांचाही बोटीचा वाटा पूर्ण. एकाने सगळे पैसे भरायचे आणि बाकीच्यांनी त्याला परतीच्या गाडीत, कल्याण यायच्या आत, यूपीआय करायचं. नागपूरला उतरल्यावर जो तो ऑटोच्या मागे धावतो आणि मग होळीपर्यंत आठवण करून द्यावी लागते.